कपाटा, कपाटा, तुझ्या पोटात काय?

मुलांनो, तुमच्या वर्गात एखादं लोखंडी कपाट असेलच. वरच्या कप्प्यात हजेरीपट, मधल्या कप्प्यात तपासायच्या वह्या, खाली खडूची खोकी आणि नकाशांच्या गुंडाळ्या, आणि कोपऱ्यात मागच्या स्नेहसंमेलनातला एक चेपलेला मुकुट! आता समजा, मी तुम्हाला म्हटलं, "कपाटात काय काय आहे त्याची यादी करून आणा बरं!" किती सोपं काम, नाही का? कपाट उघडायचं, बघायचं, लिहायचं, कपाट लावायचं. झालं!

हेच काम संगणकाला सांगायचं असेल तर? संगणकातल्या कपाटाला आपण फोल्डर म्हणतो. प्रोग्राम लिहिणारी मंडळी त्यालाच डिरेक्टरी म्हणतात. आपली गाणी, फोटो, निबंध, खेळ, सगळं अशाच फोल्डरांत असतं. "फोल्डर उघड आणि आत काय आहे ते सांग" ही आज्ञा बहुतेक प्रोग्रामिंगच्या भाषांत लागतेच. पण ही साधीशी आज्ञा कशी असावी, यावर शहाण्या शहाण्या माणसांनी कित्येक वर्षं डोकं चालवलं आहे. खरं वाटत नाही ना? मलाही वाटलं नव्हतं. पण एकदा माझीच चांगली फजिती झाली, आणि मग मी या गोष्टीच्या मागेच लागले.

बाई, हे माझं चित्र नाही!

झालं असं, की आमच्या चौथीच्या वर्गानं बालदिनाला चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. अडतीस मुलं, अडतीस चित्रं. मी सगळ्या चित्रांचे फोटो काढले आणि हजेरी क्रमांकाप्रमाणे त्यांना नावं दिली : चित्र०१, चित्र०२, चित्र०३... थेट चित्र३८ पर्यंत. माझा भाचा इंजिनिअरिंग शिकतो. त्याच्याकडून मी सुट्टीत पायथन नावाची भाषा थोडी शिकले होते. म्हटलं, चला, हात साफ करून घेऊ. मी छोटासा प्रोग्राम लिहिला. त्यानं फोल्डरमधल्या चित्रांची यादी घ्यायची, शेजारी हजेरीपटातली नावं घ्यायची, आणि पहिल्या चित्राखाली पहिलं नाव, दुसऱ्याखाली दुसरं, असं छापायचं.

घरच्या लॅपटॉपवर करून पाहिलं. अगदी बरोबर! मग तेच सगळं शाळेच्या संगणकावर नेलं, छापलं आणि घाईघाईत भिंतीवर लावलं. पालक आले. आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ही मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. तिनं आठ दिवस खपून आपल्या शेळीचं चित्र काढलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाई, माझ्या नावाखाली विमान आहे. मी विमान नाही काढलं." तिची आई शेजारी उभी होती. आईला तर ते विमानच दाखवून कुणीतरी म्हटलं होतं, "छान काढलंय हो तुमच्या मुलीनं!"

मी भिंतीकडे पाहिलं. शेळीखाली भलत्याच मुलाचं नाव होतं. बहुतेक सगळ्या चित्रांचा असाच घोटाळा! प्रोग्राम तोच, चित्रं तीच, नावं तीच. घरी बरोबर आलं आणि शाळेत चुकलं. असं का व्हावं?

उत्तर शोधायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

कप्प्यात कप्पा

१९६५ साली अमेरिकेत डेली आणि न्यूमन या दोन संशोधकांनी मल्टिक्स नावाच्या संगणक-प्रणालीसाठी एक कल्पना मांडली. फोल्डरमध्ये फायली तर असाव्यातच, पण फोल्डरमध्ये आणखी फोल्डरही असावेत. म्हणजे कपाटात कप्पा, कप्प्यात डबा, डब्यात डबी! झाडाच्या फांद्यांसारखी ही रचना आज आपल्याला इतकी सवयीची झाली आहे, की ती कुणीतरी विचार करून काढली असेल असं वाटतही नाही.

त्यानंतर १९६९ च्या सुमारास बेल लॅब्ज या संस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स तयार करायला घेतली. त्यांनी ही रचना उचलली आणि ती अगदी साधी ठेवली. त्यांच्या युनिक्समध्ये फोल्डर म्हणजे काय? तीही एक फाईलच! तिच्यात एकाखाली एक नोंदी. प्रत्येक नोंद बरोबर १६ बाईटची. पहिल्या २ बाईटमध्ये एक क्रमांक आणि पुढच्या १४ बाईटमध्ये नाव. (बाईट म्हणजे संगणकाच्या स्मरणातली एक छोटीशी जागा. इंग्रजीतलं एक अक्षर एका बाईटमध्ये मावतं.)

हे आपल्या हजेरीपटासारखंच झालं, नाही का? क्रमांक आणि नाव. एखादी फाईल पुसली, की तिचं नाव खोडत नसत. नुसता क्रमांक शून्य करत. म्हणजे "हे पोर शाळा सोडून गेलं" असं समजायचं.

आता ज्याला यादी हवी असेल, त्यानं काय करायचं? सरळ हा हजेरीपट उघडायचा आणि सोळा सोळा बाईट वाचत जायचं. शून्य क्रमांक दिसला की ती ओळ सोडायची. सोपं! म्हणून कित्येक प्रोग्राम तसंच करू लागले.

खिडकीतल्या ग्रंथपाल बाई

पण चौदा अक्षरांत नाव बसवायचं म्हणजे पंचाईतच की! सहलीचा अहवाल लिहिलात, तर त्याला पूर्ण नाव द्यायचीही सोय नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मंडळींनी युनिक्सची आपली नवी आवृत्ती आणली. तिच्यात नाव २५५ अक्षरांपर्यंत चालू लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण एक अडचण आली. आता प्रत्येक नोंद सोळा बाईटची राहिली नाही. कुठली लहान, कुठली मोठी. सोळा सोळा मोजत जाणारे सगळे जुने प्रोग्राम नावांच्या मधेच अडखळून पडणार!

बर्कलीच्या मंडळींनी मग एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी प्रोग्रामांना सांगितलं, "तुम्ही हजेरीपटाला हात लावूच नका. तुम्हाला काय हवं ते आम्हाला विचारा." त्यासाठी त्यांनी तीन मुख्य आज्ञा दिल्या. ओपनडिर म्हणजे फोल्डर उघडा. रीडडिर म्हणजे पुढची एक नोंद द्या. क्लोजडिर म्हणजे झालं, आता बंद करा.

गावातल्या वाचनालयात तुम्ही गेलात तर आठवा. आपण कपाटं उचकत नाही. खिडकीशी उभं राहून ग्रंथपाल बाईंना विचारतो. उद्या त्यांनी पुस्तकांची मांडणी बदलली, लाकडी कपाटं जाऊन लोखंडी आली, तरी आपलं काही बिघडत नाही. खिडकी तीच, विचारायची पद्धत तीच. या तीन आज्ञा म्हणजे ती खिडकी! चाळीस वर्षं होऊन गेली, डिस्क बदलल्या, संगणक खिशात आले, पण सी भाषेत या तीन आज्ञा अजूनही चालतात.

तुम्हीच भाषा बनवणार असाल तर?

आता खरी गंमत. समजा, तुम्हाला एक नवी प्रोग्रामिंगची भाषा बनवायची आहे. "फोल्डरमधली यादी दे" ही आज्ञा तुम्ही कशी ठेवाल? एकेक प्रश्न घेऊ या.

पहिला प्रश्न : एकेक नाव द्यायचं की सगळी यादी एकदम? सी भाषा एकेक नोंद देते. उघडा, वाचा, वाचा, वाचा, बंद करा. यात बंद करायला विसरलात तर फोल्डर उघडाच राहतो. असे पुष्कळ उघडे राहिले, तर एक वेळ अशी येते की संगणक म्हणतो, "आता आणखी उघडता येणार नाही." गिडो व्हान रॉसम यांनी पायथन भाषा बनवली. ती १९९१ मध्ये लोकांसमोर आली. तिच्यात लिस्टडिर नावाची एकच आज्ञा आहे. ती स्वतःच उघडते, वाचते, बंद करते आणि तयार यादी आपल्या हातात ठेवते. नवशिक्यासाठी किती सोयीचं! पण फोल्डरमध्ये दहा लाख फायली असतील तर? तर दहा लाख नावांची यादी पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल. सोय हवी तर थोडी किंमत मोजावीच लागते.

दुसरा प्रश्न : 'टिंब' आणि 'दोन टिंबं' यांचं काय करायचं? युनिक्सच्या प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी असतात. एक टिंब म्हणजे 'मी स्वतः', आणि दोन टिंबं म्हणजे 'मी ज्याच्या पोटात आहे तो'. आता एखादा प्रोग्राम यादीतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरून शोधू लागला आणि त्या एका टिंबातही शिरला, तर काय होईल? तो स्वतःतच शिरेल, मग पुन्हा स्वतःत, मग पुन्हा स्वतःत! सी भाषेत या दोन नोंदी आपणच आठवणीनं वगळायच्या. पायथनची लिस्टडिर त्या आधीच गाळून टाकते. ज्या खड्ड्यात सगळेच पडतात, तो खड्डा रस्ता बांधणाऱ्यानंच बुजवलेला बरा.

तिसरा प्रश्न : फोल्डर सापडलाच नाही तर काय सांगायचं? तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "रिकामी यादी द्यायची." थांबा हं! चौथीच्या वर्गात आज एकही मूल आलं नाही, ही एक गोष्ट. आणि या शाळेत चौथीचा वर्गच नाही, ही अगदी वेगळी गोष्ट. दोन्हींना "शून्य" म्हटलं तर मुख्याध्यापकांना काय कळणार? म्हणून पायथन तिथेच थांबते आणि "असं काही सापडलं नाही" असं स्पष्ट सांगते. चूक झाली तर गप्प बसू नये, हा नियम मुलांना लागू आहे तसा भाषेलाही आहे.

चौथा प्रश्न : पोटातल्या पोटात कसं जायचं? कधी कधी कपाटातल्या कप्प्यातल्या डब्यातल्या डबीपर्यंत सगळंच बघायचं असतं. २००३ मध्ये पायथनमध्ये वॉक नावाची आज्ञा आली. ती एकेका फोल्डरमध्ये जाते आणि "इथे हे हे फोल्डर, या या फायली" असं सांगत पुढे चालते. इथेही एक मेख आहे. काही नोंदी नुसत्या चिठ्ठ्या असतात : "ही वस्तू इथे नाही, तिकडे बघा." समजा, आतल्या डबीत चिठ्ठी आहे, "कपाटाकडे बघा." मग काय, कपाटातून डबीत, डबीतून कपाटात, गोल गोल राणी! म्हणून वॉक आपणहून अशा चिठ्ठ्यांच्या मागे जात नाही. "जा" असं आपण मुद्दाम सांगितलं, तरच जाते.

वाण्याच्या दुकानात शंभर खेपा

पाचवा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. नुसतं नाव द्यायचं की सोबत आणखी काही सांगायचं?

समजा, आईनं तुम्हाला वाण्याकडे पाठवलं. "जा, काय काय आहे विचारून ये." तुम्ही गेलात. वाण्यानं सांगितलं, "गूळ आहे, साठ रुपये. पोहे आहेत, पन्नास रुपये." तुम्ही मात्र नुसती नावं लिहून घरी आलात, भाव विसरलात! आई म्हणाली, "गूळ केवढ्याला?" पळालात परत. "पोहे केवढ्याला?" पुन्हा पळालात. शंभर वस्तू, शंभर खेपा!

पायथनमध्ये अगदी हेच चाललं होतं. लिस्टडिर नावं आणायची. मग वॉक प्रत्येक नावासाठी पुन्हा संगणकाच्या मुख्य प्रणालीकडे जाऊन विचारायची, "ही फाईल आहे की फोल्डर?" खरं म्हणजे बहुतेक वेळा प्रणाली नावाबरोबरच ही माहिती देत होती. विंडोज तर फाईल केवढी आहे आणि कधी बदलली, तेही सांगत होती. पण लिस्टडिर फक्त नाव ठेवायची आणि बाकीचं टाकून द्यायची!

बेन हॉइट नावाच्या प्रोग्रामरनं २०१४ मध्ये यावर लेखी सूचना मांडली. नुसतं नाव न देता एक छोटी नोंद द्यावी. तिच्यात नाव असावं आणि "मी फाईल की फोल्डर" हेही असावं. ती आज्ञा म्हणजे स्कॅनडिर. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये पायथनच्या ३.५ या आवृत्तीत ती आली. वॉक आतून तिचाच उपयोग करू लागली आणि तिचा वेग युनिक्ससारख्या प्रणालींवर तीन ते पाच पट, तर विंडोजवर सात ते वीस पट वाढला. संगणक तेच, डिस्क तीच. फक्त फुकटच्या खेपा वाचल्या!

आपली मराठी नावं

मुलांनो, फाईलला मराठीत नाव देता येतं, हे तुम्हाला माहीत आहे ना? आज मराठी अक्षरं साठवण्यासाठी बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ ही पद्धत वापरतात. तिच्यात देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाईट लागतात. काना, मात्रा, वेलांटी यांनाही वेगळे तीन. आता 'शाळा' हा शब्द बघा : श, काना, ळ, काना. चार चिन्हं, बारा बाईट. जुन्या युनिक्सच्या चौदा बाईटमध्ये मावला! पण 'पाठशाळा'? सात चिन्हं, एकवीस बाईट. नाही मावायचा! आणि गंमत अशी, की १९९२ मध्ये ही यूटीएफ-८ पद्धत ज्यांनी रॉब पाइक यांच्यासोबत तयार केली, ते दुसरे कुणी नव्हेत, तर चौदा बाईटवाल्या युनिक्सचे केन थॉम्प्सनच!

मग घोटाळा कुठे झाला?

आता शेवटचा प्रश्न, आणि माझ्या फजितीचं कारण. यादी कुठल्या क्रमानं द्यायची?

घरच्या लॅपटॉपवर विंडोज होतं. त्याची डिस्क नावं वर्णानुक्रमे लावूनच ठेवते. त्यामुळे चित्र०१, चित्र०२ अशी यादी ओळीनं आली. शाळेच्या संगणकावर लिनक्स होतं. तिथे फायली लवकर सापडाव्यात म्हणून नावांवर एक गणित करून नोंदी ठेवतात. त्या गणिताला वर्णानुक्रमाशी देणंघेणं नाही. म्हणून यादीत आधी चित्र१७, मग चित्र०४, मग चित्र३१, असलं काहीतरी आलं. आणि लिस्टडिरच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं आहे, की यादीचा क्रम कसाही असू शकतो! मी ते वाचलंच नव्हतं. एकदा बरोबर आलं म्हणजे नेहमीच बरोबर येईल, असं मी धरून चालले.

या चुकीत मी एकटी नाही हं! २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातले रसायनशास्त्राचे संशोधक सूक्ष्मजीवांपासून मिळालेल्या एका पदार्थाचा अभ्यास करत होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले पायथनचे काही प्रोग्राम त्यांनी वापरले. माहिती तीच, पण उत्तर एका संगणकावर १७३.२ आणि दुसऱ्यावर १७२.४! कारण? प्रोग्राम फायलींची यादी घेऊन त्यांच्या जोड्या लावत होता आणि यादी क्रमानंच येईल असं त्यात गृहीत धरलेलं होतं. अगदी माझ्या शेळी-विमानासारखं! फरक एवढाच, की तिथे चूक भिंतीवर नव्हती, आकड्यांच्या आत लपली होती. त्या संशोधकांनी ती सगळ्या जगाला सांगितली, म्हणून इतरांना आपापले हिशेब तपासता आले.

उपाय मात्र अगदी छोटा. यादी मिळाली की आधी ती क्रमानं लावून घ्यायची. पायथनमध्ये त्यासाठी सॉर्टेड हा एक शब्द पुरतो. तुम्ही म्हणाल, मग भाषेनंच नेहमी क्रम लावून का देऊ नये? द्यावा, असं म्हणणारेही आहेत. पण क्रम लावायला वेळ लागतो, आणि ज्याला फक्त फायली मोजायच्या आहेत, त्याला क्रम कशाला हवा? शिवाय क्रम कुठला? वर्णानुक्रम की तारखेचा? भाषा बनवणाऱ्याला असं दोन्हीकडून तोलून बघावं लागतं. तुम्ही काय ठरवाल? विचार करा आणि घरी आईबाबांशी वादही घाला!

त्या दिवशी मी सगळी चित्रं भिंतीवरून उतरवली. वर्गाला सांगितलं, "चूक संगणकाची नाही, माझी आहे." मग आम्ही सगळ्यांनी मिळून प्रोग्राम नीट केला. यादी क्रमानं लावली, आणि जोडी लावताना फाईलच्या नावातला आकडा हजेरी क्रमांकाशी जुळतो का, हेही तपासून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रदर्शन लावलं. ती मुलगी आपल्या आईचं बोट धरून आली आणि चित्रापाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "ही बघ आपली शेळी!" वर्षभरात तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

करून पाहा

एक मोठं खोकं घ्या. दहा चिठ्ठ्यांवर दहा फायलींची नावं लिहा आणि त्या खोक्यात टाका. तीन लहान पाकिटं घेऊन त्यांवर फोल्डरची नावं लिहा आणि प्रत्येकात दोन-तीन चिठ्ठ्या घालून तीही खोक्यात टाका. आता एक मित्र 'संगणक' होईल. खोक्यात हात फक्त त्यानंच घालायचा. तुम्ही त्याला कागदावर आज्ञा लिहून द्यायच्या : उघड, पुढची चिठ्ठी दे, ही फाईल आहे का, बंद कर. त्यानं लिहिलंय तेवढंच करायचं, मनानं काही नाही! एवढ्या आज्ञांत तुम्हाला सगळ्या चिठ्ठ्यांची क्रमवार यादी करता येते का? पाकिटांतल्या चिठ्ठ्या राहून तर गेल्या नाहीत ना? कुठली आज्ञा कमी पडली, कुठली उगीचच होती, ते वहीत लिहून ठेवा. मग घरच्या मोठ्यांना तीच यादी दाखवा आणि त्यांनाही खेळायला बसवा.